आतली वाटी

कागदाची पट्टी नाकाजवळ आली आणि सुप्रभाच्या हातातला चहाचा कप बशीवर वाजला.

"तुमचं मत सांगा, सुप्रभा-सान," प्राध्यापक ओनोदेरा म्हणाले. "या वासावर पहिला हक्क तुमचा."

टोकियोहून आलेला सुगंधतज्ज्ञ टेबलापलीकडे गुडघ्यांवर हात ठेवून बसला होता. त्याच्यापुढे अंगठ्याएवढी बाटली होती. सुप्रभाच्या यंत्राने दिलेल्या यादीवरून, पाच महिने खपून, त्याने चोवीसशे वर्षांपूर्वीचं एक ग्रीक सुगंधी तेल पुन्हा तयार केलं होतं. अथेन्समधल्या कुणाच्या तरी थडग्यावर ठेवलेलं तेल. येत्या वसंतात संग्रहालयात प्रदर्शन भरणार होतं आणि लोक रांगेत उभे राहून ते हुंगणार होते.

सुप्रभाने पट्टी पुन्हा नाकाशी नेली. आधी जटामांसी आली. तिच्यामागून नागरमोथा, वाळा, कपूरकचरी, आणि सगळ्यांच्या तळाशी चंदन. हे अथेन्स नव्हतं. ही नरकचतुर्दशीची पहाट होती, सेंदाईतल्या त्यांच्या घरातली, आणि वाफेत समोर तिच्या नवऱ्याची, विनायकची पाठ होती.

"छान आहे," ती म्हणाली. जपानीत असं म्हणणं फार सोयीचं असतं, त्यातून कुणाला काही कळत नाही. डोकं दुखतंय असं सांगून ती उठली आणि बाहेर जिन्याच्या कठड्याला धरून उभी राहिली.

सुप्रभा त्या प्रयोगशाळेत तांत्रिक साहाय्यक होती. बारा वर्षांपूर्वी विनायक धातूंवर संशोधन करायला पुण्याहून सेंदाईच्या विद्यापीठात आला, तेव्हा पाच वर्षांच्या चैत्रालीला बोटाला धरून तीही आली. जवळ एम.एस्सी.ची पदवी होती, पण भाषा नव्हती. दोन वर्षं तिने कोन्बिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानात, अर्धवेळ नोकरी करून भाताचे त्रिकोण फळीवर मांडले. मग कुणीतरी ओनोदेरांकडे तिचं नाव सांगितलं, आणि तेव्हापासून ती जुन्या मडक्यांच्या पोटाला चिकटलेलं काहीबाही खरवडून यंत्रात घालत होती. यंत्र कागदावर उंचसखल रेघ काढायचं. प्रत्येक शिखर म्हणजे एकेक पदार्थ. कुठलं मेण, कुठला डिंक, कुठलं तेल, हे सुप्रभा रेघेवरून ओळखायची. तिचं नाव लेखांच्या शेवटी, आभारांत यायचं, आणि तेवढ्यावर ती खूश असायची.

या कामाचा नियम एकच होता, अंगाला कसलाही वास नको. यंत्राचं नाक माणसाच्या नाकाहून फार तिखट. त्यामुळे दहा वर्षांत सुप्रभाच्या केसांना खोबरेल लागलं नाही, तोंडाला पावडर लागली नाही, देवापुढे उदबत्ती लागली नाही. फोडणी द्यायच्या आधी प्रयोगशाळेचे कपडे प्लास्टिकच्या पिशवीत बांधून दुसऱ्या खोलीत जायचे. "नोकरी अत्तराची आणि बाई कोरडी ठणठणीत," असं सासूबाई फोनवर म्हणायच्या. दिवाळीला पुण्याहून दीर, सदानंदभावोजी, न चुकता उटण्याचं पाकीट पाठवायचे. ते देवापुढे ठेवलं जायचं आणि तसंच कपाटात जायचं. आंघोळ साध्या पाण्याची.

आणि ज्यांच्यासाठी हा सगळा उपवास, ते ग्रीक मात्र वासात नखशिखांत बुडालेले. चहाच्या वेळी ओनोदेरा त्यांच्या गोष्टी सांगत. कुस्ती खेळायला तेल, लग्नाला तेल, जेवायला बोलावलं तर पाहुण्याच्या डोक्याला तेल. बाजारात सुगंधी तेलवाल्याच्या दुकानात रिकामटेकडे पुरुष दिवसभर गप्पा छाटत बसायचे. "म्हणजे आमची पानपट्टी," असं सुप्रभाने सांगितल्यावर पानपट्टी म्हणजे काय हे समजून घ्यायला ओनोदेरांनी अर्धा तास घेतला होता. आणि घरात कुणी गेलं, की घरातल्या बायका त्याला न्हाऊ घालायच्या, अंगाला सुगंधी तेल चोळायच्या. पांढरी, उंच मानेची बाटली तेलाने भरून थडग्याशी ठेवायच्या. त्या बाटलीला लेकिथोस म्हणत.

किनाऱ्याजवळच्या एका छोट्या संग्रहालयात अशी एक लेकिथोस होती. दोन हजार अकराच्या मार्चमधल्या भूकंपात ती फळीवरून पडली आणि फुटली. फुटली तेव्हा कळलं, की तिच्या पोटात, मानेच्या अगदी खाली, मातीची एक लहानशी वाटी चिकटवलेली आहे. बाटली कोपरभर उंच, पण तेल मावणार ते वाटीभर. वरून बघणाऱ्याला ती काठोकाठ भरलेली दिसणार, खाली सगळी पोकळ. "तेव्हाही नातेवाईक असेच होते," म्हणून ओनोदेरा हसले होते. सुप्रभाला हसू आलं नव्हतं. असेल काही अडचण, असं तिच्या मनात आलं होतं. वाटीभर का होईना, आणलं ना?

बाटलीची मान मातीने घट्ट बुजलेली होती, त्यामुळे वाटीला वारा लागला नव्हता. तळाशी काळपट पापुद्रा तसाच राहिला होता. नमुना घ्यायला संग्रहालयाने एकच दिवस दिला. तो दिवस म्हणजे दोन हजार बाराची नरकचतुर्दशी.

सप्टेंबरात विनायकच्या स्वादुपिंडात कर्करोग निघाला होता. नोव्हेंबरात डॉक्टरांनी त्याला थोडे दिवस घरी पाठवलं, आणि ते का पाठवलं हे तिघांनाही कळलं होतं. विनायक काही मागणाऱ्यातला नव्हता. भाजीत मीठ नसेल तरी तसाच जेवायचा. आदल्या रात्री मात्र तो म्हणाला, "प्रभा, यंदा मला उटणं लाव. तुझं ते मडकं एक दिवस थांबेल की."

मडकं थांबणारं नव्हतं. नवराही थांबणारा नव्हता. सुप्रभाने ठरवलं, दोन्ही करायचं.

पहाटे तिने त्याला न्हाणीघरात प्लास्टिकच्या स्टुलावर बसवलं. तेल कोमट केलं, त्यात उटणं कालवलं आणि त्याच्या पाठीला लावलं. बरगड्या हाताला लागत होत्या. वाफेने तिचा चष्मा धुरकट होऊन सारखा नाकावर घसरत होता, आणि ती तो तेलकट बोटानेच वर सारत होती. विनायक डोळे मिटून बसला होता. "आई अशीच चोळायची," एवढंच तो म्हणाला. मग त्याने चैत्रालीला हाक मारली, पायांना तू लाव म्हणून. चैत्राली दारापर्यंत आली. शाळेत परीक्षा आहे, वास हाताला राहील, मुली बोलतात, असं तिने जपानीत सांगितलं. विनायक हसला, म्हणाला, बरं.

त्यानंतर सुप्रभाने स्वतःला तीनदा साबणाने घासलं. नखं मुळापर्यंत कापली, केस दोनदा धुतले, कोरे कपडे घातले, प्रयोगशाळेत हातमोज्यांचे दोन जोड चढवले. नमुना घेतला. तीन आठवड्यांनी विनायक गेला.

रुग्णालयात नर्सने त्याचं अंग पुसलं. मग काळ्या कोटातली अंत्यविधीवाली माणसं बर्फ घेऊन आली. त्यांनी सुप्रभापुढे कागद ठेवले आणि ती खुणा करत गेली. पुढे महिन्याभराने त्याच कागदांची प्रत नीट वाचताना तिला कळलं, की एका ओळीत विचारलं होतं, अंघोळ घालताना कुटुंबीय सोबत असतील का? ती अक्षरं तिला त्या घाईत लागली नव्हती. तिने 'सर्व व्यवस्था कंपनीकडे' यावर खूण केली होती. ग्रीक बायकांनी आपल्या माणसांना कसं न्हाऊ घातलं हे जिला तोंडपाठ, तिने स्वतःच्या माणसाला बोट लावलं नाही. हे तिने आजवर कुणालाही सांगितलं नव्हतं.

वर्षाच्या आत सण नाही, म्हणून यंदाच्या दिवाळीत घरात उटण्याचं पाकीट फुटलं नव्हतं. तो वास तिच्या नाकात तेव्हापासून आज प्रथमच आला होता.

जिन्यातून ती तडक घरी गेली नाही. झेल्कोव्हाच्या झाडांखालून सायकल हातात धरून चालत राहिली. पानं सगळी गळून गेली होती. मनातल्या मनात ती यादी पुन्हा पुन्हा म्हणत होती. यंत्राने ही नावं रसायनांची म्हणून दिली होती, लांबलचक, परकी. तिने आणि ओनोदेरांनी पुस्तकं उलथीपालथी घालून त्यांच्या वनस्पती शोधल्या होत्या आणि केवढे हरखले होते. हिमालयातली जटामांसी, सिकंदर भारतात यायच्या शंभर वर्षं आधी, अथेन्समधल्या एका थडग्यावर! ओनोदेरांनी त्यावर लेख लिहिला. तो स्वीकारला गेला. सुप्रभाचं नाव या वेळी आभारांत नव्हतं, लेखकांत होतं, दुसरं. जगभर वळसा घालून आले आणि कळसा काखेत, असं झालं होतं. फक्त हा कळसा असा होता, की तो काखेतून काढला तर सगळंच बुडणार होतं.

घरी चैत्राली कोतात्सूच्या उबदार टेबलात पाय घालून अभ्यास करत होती. जानेवारीत प्रवेशपरीक्षा होती. तिला इथेच, सेंदाईत, वास्तुरचना शिकायची होती. सुप्रभाने तिचा अभ्यास विचारायच्या आत तिनेच आईचा चेहरा पाहून "काय झालं?" असं विचारलं. सुप्रभा काही नाही म्हणाली. "मग माझंही बेत्सुनी," असं म्हणून चैत्रालीने मान पुन्हा वहीत घातली. विशेष काही नाही, या अर्थाचा तो शब्द या घरात भाजी-आमटीसारखा रोजचा झाला होता.

विनायक गेल्यावर दोघींचा व्हिसा सुप्रभाच्या नोकरीवर उभा होता. नोकरी मार्चअखेर संपत होती. पुढची तीन वर्षं ज्या नव्या प्रकल्पावर मिळायची, तो प्रकल्प त्या जटामांसीवर मंजूर झाला होता. जटामांसी गेली की प्रकल्प गेला, प्रकल्प गेला की व्हिसा गेला. पुण्याला सदानंदभावोजींनी एक खोली रिकामी ठेवली होती, दर फोनला या म्हणत. पण चैत्रालीला मराठीतली दुकानाची पाटीसुद्धा वाचता येत नव्हती. सतरा वर्षांची पोर, बाप इथे गमावलेली, तिला कुठे उपटून नेणार? आणि इथे एकटी ठेवली, तर ही रात्री जेवते की नाही हे कोण बघणार?

कपाटाच्या मागच्या कोपऱ्यात गेल्या वर्षीचं पाकीट होतं, तोंडाला रबर लावलेलं, अर्धं उरलेलं. सुप्रभाने ते तीन पिशव्यांत गुंडाळून दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत नेलं. दुसऱ्या मजल्यावरच्या जुन्या यंत्रात त्याचा अर्क घातला आणि रेघ उमटेपर्यंत उभी राहिली. मग ती रेघ तिने पडद्यावर लेकिथोसच्या रेघेवर ठेवली.

ऑलिव्हच्या तेलाची शिखरं तेवढी वेगळी राहिली. बाकीची एकावर एक बसली. उंचीचं प्रमाणसुद्धा तेच. लेखात ज्या एका बारीक शिखराला त्यांनी 'अनोळखी' म्हणून सोडून दिलं होतं, ते आंबेहळदीचं निघालं.

तिने नमुना घेतानाचं चित्रीकरण काढलं. नियमाप्रमाणे कॅमेरा फक्त हातांवर होता. हातांनी आधी रिकाम्या काचेवर फाया फिरवला. तो कोरा नमुना, तुलनेसाठी. तो स्वच्छ आला होता, म्हणूनच तर सगळ्यांचा भरवसा बसला. मग उजवा हात क्षणभर चौकटीबाहेर गेला, वरच्या बाजूला, आणि परत आला. त्यानंतर त्याने वाटीतला पापुद्रा उचलला. सुप्रभाने तो क्षण सहा वेळा पाहिला. तिने अंग घासलं होतं, नखं कापली होती, कपडे बदलले होते. चष्मा पुसला नव्हता.

तिने नाकावरचा चष्मा काढून हातात घेतला. तोच होता. तिला रडू आलं, पण यंत्राच्या खोलीत रडायचंही नसतं, म्हणून ती बाहेर गेली.

लेखाची अखेरची मुद्रितं शुक्रवारी परत पाठवायची होती. बुधवारी ती ओनोदेरांच्या दारात जाऊन उभी राहिली. सांगून मोकळं व्हायचं असं ठरवून गेली होती. ओनोदेरा चौसष्टचे, मार्चमध्ये निवृत्त होणारे. आयुष्यभर मडक्यांत डोकं घालून बसले, त्यांना पहिल्यांदाच काही मोठं सापडलं होतं. तिला पाहून ते उठून उभे राहिले, आणि तिने तोंड उघडायच्या आत बोलू लागले.

त्यांची आई किनाऱ्यावरच्या गावात राहायची, हे प्रयोगशाळेत सगळ्यांना माहीत होतं. त्सुनामीनंतर ती सापडली नाही, हेही. ते त्याबद्दल कधी बोलत नसत. आज बोलले.

"परवाची ती पट्टी मी घरी नेली," ते म्हणाले. "आईच्या फोटोपुढे ठेवली. तिला न्हाऊ घालायला मिळालं नाही, तेल लावायला मिळालं नाही. चोवीसशे वर्षांपूर्वी कुणीतरी आपल्या माणसाला लावलेलं तेल आहे, तेच तिलाही द्यावं असं वाटलं. हसू नका, सुप्रभा-सान. पण त्या दिवसापासून मला झोप लागते."

सुप्रभा हसली नाही. मुद्रितांतली एक चूक दाखवायला आले होते, असं तिने सांगितलं, खरोखरच एक स्वल्पविराम दाखवला आणि परत फिरली. धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं, असं ते झालं होतं. बोललं तर पोरीचं घर जाणार आणि या म्हाताऱ्याची झोप जाणार. गप्प बसलं तर काय जाणार? कुणाला कळणार होतं? पाकीट जाळता आलं असतं. कॅमेऱ्यात फक्त हात होते. दोन दिवस तिने हाच विचार केला. तांदूळ धुताना केला, कचऱ्याच्या प्लास्टिकच्या आणि जळणाऱ्या पिशव्या वेगळ्या करताना केला, आणि दर वेळी तो अधिकाधिक शहाणपणाचा वाटू लागला. यात वाईट कुणाचं होतंय? उलट तिघांचं भलंच होतंय. आणि नेमकी त्याचीच तिला भीती वाटायला लागली.

गुरुवारी जेवताना चैत्रालीने चॉपस्टिक्स खाली ठेवल्या. "आई, तू चार दिवस जेवत नाहीयेस. तुलापण झालंय का? बाबांसारखं? खरं सांग."

पोर या भीतीने चार दिवस अभ्यासाला बसत होती, हे सुप्रभाला तेव्हा कळलं. मग तिने सगळं सांगितलं. उटणं, चष्मा, दोन रेघा, नोकरी, व्हिसा. काही लपवलं नाही. शेवटी म्हणाली, "मी गप्प बसले तर तुझं इथलं सगळं नीट होईल. मी गप्प बसू शकते, चैतू. मला जमेल ते."

चैत्राली ओरडेल, असं सुप्रभाला वाटलं होतं. बोलली तेव्हा ती मराठीत बोलली, शब्द शोधत शोधत.

"त्या दिवशी बाबांनी मला बोलावलं होतं. मी नाही म्हटलं."

"तू लहान होतीस."

"सोळा. लहान नव्हते." तिने नाक पुसलं. "आता ते प्रदर्शनात ठेवणार. खाली लिहिणार, अमुक एका ग्रीक माणसाचं तेल. ते बाबांचं आहे ना? तू त्यांना लावलेलं. ते दुसऱ्या कुणाच्या नावावर कसं लावतेस तू?"

सुप्रभाने चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"आणि तो ग्रीक माणूस," चैत्राली म्हणाली, "त्याच्या घरच्यांनी वाटीत खरंच काय घातलं होतं?"

"ऑलिव्हचं तेल. साधं. बाकी असेल काही तर आता कळणार नाही."

"मग त्यांचंपण पुसलं आपण."

चैत्रालीने आईच्या ताटलीत भात वाढला आणि ती तो खाईपर्यंत समोर बसून राहिली. परीक्षेचं काय, व्हिसाचं काय, हे दोघींनाही माहीत नव्हतं, आणि त्या रात्री ते कुणी विचारलंही नाही. आतल्या खोलीत गेल्यावर मात्र पोर उशीत तोंड खुपसून रडत होती, ते भिंतीपलीकडे ऐकू येत होतं. सुप्रभा उठून दारापर्यंत गेली आणि तिथेच उभी राहिली. आपण हिच्या पायाखालची जमीन काढतो आहोत, हे तिला स्वच्छ दिसत होतं.

शुक्रवारी सकाळी तिने दोन्ही आलेख ओनोदेरांच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि उभ्यानेच सांगितलं. न्हाणीघरातल्या उटण्यापासून चष्म्यापर्यंत, सगळं.

ओनोदेरांनी चष्मा लावून दोन्ही रेघा पाहिल्या. बोट ठेवून एकेक शिखर ताडून पाहिलं, अगदी आंबेहळदीच्या शिखरापर्यंत. ते एकाएकी फार म्हातारे दिसायला लागले.

"इतकं हलकं द्रव्य चोवीसशे वर्षं टिकत नाही," ते अखेर म्हणाले. "हे मला कळायला हवं होतं. मला ते टिकलेलं हवं होतं, म्हणून टिकलं." लेख मागे घेण्याचं पत्र आपण आजच लिहू, टोकियोलाही आपणच कळवू, असं त्यांनी सांगितलं. तिच्या नोकरीचं आपल्या हातात आता काही उरलेलं नाही, हे सांगताना त्यांनी मान इतकी खाली घातली, की तिला त्यांच्या डोक्यावरचा विरळ भाग दिसला. चूक त्यांची नव्हती, तरी बराच वेळ ते वर झाले नाहीत.

ती निघाली तेव्हा त्यांनी हाक मारली.

"सुप्रभा-सान. आईपुढची ती पट्टी." ते थांबले. "ती तुमच्या यजमानांची आहे. मी ती तिथेच ठेवली तर चालेल का?"

सुप्रभाने मान डोलावली.

प्रयोगशाळेच्या थंड कपाटात लेकिथोसचा उरलेला अर्क होता, करंगळीच्या पेराएवढ्या कुपीत, जेमतेम दहा-बारा थेंब. बाद झालेला नमुना त्याच दिवशी नष्ट करायचा, असा नियम होता. तिने नोंदवहीत कुपीचा क्रमांक लिहिला. नष्ट करण्याचं कारण या रकान्यात लोक 'दूषित' एवढंच लिहितात. तिने जपानी अक्षरं एकेक करत लिहिलं: पतीला घातलेल्या अभ्यंगस्नानातील तेल मिसळले.

ओनोदेरा सही करायला आले. त्यांनी ती ओळ वाचली, शिक्का उमटवला, आणि कुपीकडे पाहून हळूच म्हणाले, की ही नष्ट झाली अशी नोंद तर आता झालीच आहे. आपण काही पाहिलेलं नाही, तुम्ही घरी न्या. असं म्हणून ते पाठ करून उभे राहिले. इतक्या वर्षांत त्यांनी नियम मोडायला सांगितलेली ही पहिलीच वेळ होती.

सुप्रभाने कुपी तळहातावर घेतली. नेता आली असती. चैत्रालीच्या हातात देता आली असती. त्या थेंबांत विनायकची पाठ होती, शेवटची.

"नको, सेन्सेई," ती म्हणाली. "यात त्या दुसऱ्या माणसाचंही आहे. वेगळं काढता येणार नाही."

तिने झाकण काढलं आणि त्या प्रयोगशाळेत पहिल्यांदाच एक कुपी नाकाशी नेली. काहीच आलं नाही, नुसता द्रावणाचा वास. होतं ते इतकं थोडं होतं, की यंत्रालाच दिसावं.

मग तिने ते टाकाऊ द्रावणाच्या डब्यात ओतलं. रिकामी कुपी नियमाप्रमाणे ॲसिटोनने तीनदा खळबळून धुतली, दर वेळी शेवटचा थेंब गळेपर्यंत थांबली, आणि धुतलेल्या बाकीच्या कुप्यांच्या ओळीत ती उपडी घालून ठेवली.